मीटरमधला आदेश, फुटांतला अल्टिमीटर: अप्रोचच्या वेळी पायलट उंचीचा हिशेब कसा करतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पायलट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी नेव्हिगेशन शिकवतो. चीनच्या हवाई क्षेत्राचा धडा निघाला की पेंगणारा वर्गही जागा होतो. महिनोन्‌महिने फुटांत घोकलेलं सगळं तिथे एकदम मीटरमध्ये ऐकू येतं, आणि तेही अप्रोचमध्ये, म्हणजे विमान धावपट्टीकडे खाली उतरत असताना, जेव्हा हातात वेळ सर्वांत कमी असतो. वर्गात, फोनवर आणि कधी लग्नाच्या पंगतीत मला जे प्रश्न विचारले गेले ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं चीनची आहेत, कारण आज मीटरची पद्धत सर्वांत मोठ्या प्रमाणावर तिथेच चालते.

विमानाची उंची मीटरमध्ये कोण सांगतं?

चीन, उत्तर कोरिया, आणि जुन्या सोव्हिएत संघातले काही देश. या शेवटच्या गटात बरेच बदल झाले आहेत. रशियाने १७ नोव्हेंबर २०११ पासून वरच्या उंचीवर फुटांतल्या फ्लाइट लेव्हल (ठरलेल्या दाबावर मोजलेल्या उंचीच्या पायऱ्या) स्वीकारल्या, पण खाली उतरताना मीटर तसेच राहिले. पुढे काही वर्षांनी सेंट पीटर्सबर्गपासून सुरुवात करून खालच्या उंचीवरही फूट आणायला त्यांनी सुरुवात केली. म्हणून अशा देशात जाताना त्या दिवसाचा चालू चार्ट काय सांगतो तेच खरं धरायचं. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या सीनियरची आठवण तिथे उपयोगाची नाही.

हाँगकाँग आणि मकाव मात्र फुटांवर चालतात. ग्वांगझौकडून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानाला म्हणूनच एका फ्रिक्वेन्सीवर मीटर आणि पुढच्या फ्रिक्वेन्सीवर फूट ऐकू येतात.

भारतात उंची फुटांतच सांगतात, मुंबईत, पुण्यात, गोव्यात, सगळीकडे.

मोजमापाच्या बाकीच्या गोष्टी मीटरमध्ये आल्या, मग उंची फुटांतच का राहिली?

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर जी नागरी विमानं उडाली, जी उपकरणं बसली आणि जे नियम लिहिले गेले त्यांवर अमेरिका आणि ब्रिटनची छाप होती. फूट, नॉट आणि नॉटिकल मैल तिथून आले आणि मुरले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पाचव्या परिशिष्टात उंचीचं मुख्य एकक आजही मीटरच आहे. फुटाला तिथे ‘तात्पुरती’ परवानगी आहे, आणि ती कधी संपणार याची तारीख आजवर ठरलेली नाही.

व्यवहारातली सोय हेही एक कारण आहे. दोन विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर ठेवायचं म्हणजे आकडे सरळ एकेक हजाराने चढतात. मीटरमध्ये हेच अंतर ३०० येतं आणि ते हजार फुटांपेक्षा १६ फुटांनी कमी भरतं. हे १६ फूट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहेत.

तसं पाहिलं तर कॉकपिट म्हणजे मापांची खिचडीच आहे. आपल्या भारतीय पायलटलाही धावपट्टीची लांबी मीटरमध्ये, दृश्यमानता मीटरमध्ये, इंधन किलोत, हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, अंतर नॉटिकल मैलांत आणि वेग नॉटमध्ये मिळतो. त्यामुळे ‘मीटर’ हा शब्द ऐकून कोणी दचकत नाही. आणि खरा धोका तिथेच आहे.

मीटरचे फूट डोक्यातल्या डोक्यात कसे करायचे?

१ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. उलट केलं तर १ मीटर म्हणजे ३.२८ फूट आणि वर थोडं.

आपल्याकडे जुन्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी घोकलेली. त्या सवयीने माझे एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले होते, “सव्वातीनने गुणा की!” सव्वातीन म्हणजे ३.२५. कापड मोजायला ठीक आहे. पण ३६०० मीटरला सव्वातीनने ११,७०० फूट येतात आणि खरी उंची ११,८११ फूट. शंभराहून जास्त फूट कमी भरले, आणि तेही खालच्या बाजूला, म्हणजे जमिनीच्या दिशेने.

पायलट मंडळींत चालणारी युक्ती वेगळी आहे: तिप्पट करा आणि त्यात दहा टक्के मिळवा. ९०० मीटरची तिप्पट २७००, त्यात २७० मिळवले की २९७०. खरी उंची २९५३. छान जमलं. पण हीच युक्ती १२०० मीटरला लावा. ३६०० अधिक ३६०, म्हणजे ३९६०. शंभरात गोल केलं की ४००० होतात. खरी उंची ३९३७, आणि मीटर-फुटांच्या अधिकृत तक्त्यात (तो पुढे दिला आहे) ३९०० दिलेली असते. ३००० मीटरलाही तसंच: युक्तीने ९९००, तक्त्यात ९८००. ऑटोपायलटला उंची शंभराच्या पटीत लावायची असते, म्हणून डोक्यातली ही छोटी चूक गोल करताना सरळ शंभर फुटांची होऊन बसते.

मी वर्गात तिसरी रीत शिकवतो. नियंत्रक देतात त्या उंची बहुतेक वेळा ३०० च्या पटीत असतात: ६००, ९००, १२००, १५००, १८००, २१००. म्हणून आधी ३०० ने भागायचं. जितक्या वेळा भाग जाईल तितके हजार फूट, आणि प्रत्येक हजारामागे १६ वजा. १२०० मध्ये ३०० चार वेळा. ४००० वजा ६४, म्हणजे ३९३६. जवळचं शतक ३९००. ३६०० मध्ये बारा वेळा. १२,००० वजा १९२, म्हणजे ११,८०८. जवळचं शतक ११,८००. तक्त्याशी तंतोतंत.

म्हणजे पायलट अप्रोचमध्ये असा हिशेब करत बसतात?

नाही, करूही नये. डोक्यातला हिशेब लागतो तो तक्त्यातला आकडा पटतो का हे बघायला. उंची लावायची ती तक्त्यावरूनच. चीनचं रूपांतराचं कोष्टक ठरलेलं आहे. ते चार्टच्या संचात असतं, टॅबलेटवर असतं, आणि बरेच पायलट छोटं छापील कार्ड हाताशी ठेवतात. त्यातल्या उतरतानाच्या ओळी अशा:

३६०० मीटर: ११,८०० फूट
३००० मीटर: ९८०० फूट
२७०० मीटर: ८९०० फूट
२४०० मीटर: ७९०० फूट
२१०० मीटर: ६९०० फूट
१८०० मीटर: ५९०० फूट
१५०० मीटर: ४९०० फूट
१२०० मीटर: ३९०० फूट
९०० मीटर: ३००० फूट
६०० मीटर: २००० फूट

आता प्रत्यक्षात काय घडतं ते बघू. विमान ग्वांगझौला उतरतंय. एक जण विमान चालवतोय, दुसरा रेडिओ सांभाळतोय. हेडफोनमध्ये नियंत्रकाचा आवाज येतो: “डिसेंड टू टू थाउजंड वन हंड्रेड मीटर्स, क्यूएनएच वन झिरो वन टू.” (क्यूएनएच म्हणजे अल्टिमीटरवर, उंची दाखवणाऱ्या उपकरणावर, लावायचा स्थानिक दाब; तो लावला की उंची समुद्रसपाटीपासून दिसते.) रेडिओवाला वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो, ‘मीटर्स’ या शब्दासकट. मग बोट कार्डावर ठेवतो, २१०० च्या ओळीवरून आडवं सरकवतो आणि मोठ्याने म्हणतो: “ट्वेंटी-वन हंड्रेड मीटर्स, सिक्स थाउजंड नाइन हंड्रेड फीट.” चालवणारा स्वतः कार्डाकडे बघतो, त्याला पटलं की ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत ६९०० फिरवतो आणि आकड्याकडे बोट दाखवून वाचतो. दुसरा तो आकडा पुन्हा वाचून होकार देतो. मगच विमान खाली यायला लागतं. एवढ्या सगळ्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

या दहा सेकंदांत कोणीही ‘एकवीसशे’ असा सुटा आकडा उच्चारलेला नाही. प्रत्येक वेळी आकड्यामागे मीटर किंवा फूट आलं. विद्यार्थ्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट उचलावी असं कोणी म्हणालं तर मी हीच सांगेन. तक्ता सगळ्यांकडे असतो. एकक तोंडाने म्हणायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

विमानात मीटर दाखवणारं बटण असतं ना? मग सगळं मीटरमध्येच का चालवत नाहीत?

असतं. बोइंगमध्ये एमटीआरएस नावाचं बटण दाबलं की मुख्य स्क्रीनवर उंचीच्या पट्टीजवळ मीटरचा आकडाही येतो. एअरबसमध्ये मेट्रिक अल्ट बटणाने निवडलेली उंची मीटरमध्ये दिसते. पण ऑटोपायलटची खिडकी, उंचीची पट्टी, वर-खाली जाण्याचा वेग आणि सगळे इशारे फुटांतच राहतात. मीटरचा आकडा फक्त पडताळणीसाठी.

त्या पडताळणीतही थोडा फरक दिसतो. खिडकीत ६९०० फूट लावले की मीटरमध्ये २१०३ च्या आसपास येतं. नवा पायलट हे बघून अस्वस्थ होतो आणि आकडा २१०० वर आणायला फूट कमी करू पाहतो. तसं करायचं नाही. कोष्टकातले फूट लावले की काम झालं. वरच्या उंचीवर हा फरक जवळपास ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि तो धरूनच पद्धत बनवली आहे.

वरच्या उंचीवर तक्ता आणि कॅल्क्युलेटर जुळत का नाहीत? ८९०० मीटर म्हणजे २९,२०० फूट, तक्त्यात २९,१०० का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने कॅल्क्युलेटर काढून पाहिलेलं असतं, म्हणून मला तो आवडतो.

२१ नोव्हेंबर २००७ पासून चीनने वरच्या थरात विमानांमधलं अंतर कमी केलं. त्या थरात दोन विमानांमध्ये किमान हजार फूट हवेत. पण नियंत्रक बोलणार मीटरमध्ये, आणि पायऱ्या ३०० मीटरच्या, म्हणजे ९८४ फुटांच्या. प्रत्येक पायरीला ते १६ फूट कमी पडणार. यातून वाट अशी काढली: नियंत्रकाने गोल मीटर म्हणायचे आणि विमानाने मात्र तक्त्यात ठरवून दिलेले, बरोबर हजार-हजारच्या अंतराने येणारे फूट उडायचे. म्हणून ८९०० मीटरला २९,१००, ९२०० ला ३०,१००, ९५०० ला ३१,१००, असं करत १२,५०० मीटरला ४१,१०० फूट.

खालच्या टोकाला २९,१०० फूट म्हणजे खरे ८८७० मीटर भरतात, तीस कमी. वरच्या टोकाला ४१,१०० फूट म्हणजे १२,५२७ मीटर, सत्तावीस जास्त. मध्ये ११,००० मीटरच्या आसपास दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. चूक दोन्ही टोकांना सारखी वाटून टाकली आहे. वरती ‘मीटर’ हा शब्द खरं तर पायरीचं नाव आहे. समोरचं विमानही तक्त्याप्रमाणेच उडतं, म्हणून अंतर राखलं जातं. आपण कॅल्क्युलेटरने अचूक उंची काढून उडलो तर आपल्यापुरते आपण बरोबर असू, पण शेजारच्या विमानाच्या शंभर फूट जवळ जाऊ.

उतरताना दाबाचं सेटिंग कुठे बदलायचं?

चीनमध्ये बहुतेक विमानतळांवर ३६०० मीटर ही ट्रान्झिशन लेव्हल (उतरताना सेटिंग बदलायची पातळी) आणि ३००० मीटर ही ट्रान्झिशन अल्टिट्यूड (चढताना बदलायची) असते. वर असताना सगळे १०१३ हेक्टोपास्कलवर, खाली आल्यावर स्थानिक क्यूएनएचवर. दाब फार चढला, म्हणजे १०३१ किंवा जास्त झाला, की ३००० चे ३३०० होतात. ९७९ किंवा त्याखाली गेला की २७०० होतात. नेमकं त्या विमानतळाचं काय ते चार्टवर बघायचं.

क्यूएनएच आणि क्यूएफई यांत मीटरचा काय संबंध?

संबंध असा की जुन्या सोव्हिएत पद्धतीत या दोन गोष्टी जोडीने यायच्या: उंची मीटरमध्ये आणि मोजलेली धावपट्टीपासून (त्यासाठी लावायचा दाब म्हणजे क्यूएफई). मुलं एकक बदलतात आणि मोजणीची सुरुवात बदलायला विसरतात.

पुण्याचं उदाहरण घ्या. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे, म्हणजे ५९२ मीटर. अल्टिमीटरवर क्यूएनएच लावलं तर जमिनीवर उभ्या विमानात १९४२ दिसतात. क्यूएफई लावलं तर शून्य. दोन्ही सेटिंगमध्ये साधारण ७० हेक्टोपास्कलचा फरक पडतो.

पुण्यात क्यूएफईवर अप्रोच देत नाहीत, पण समजा तसं असतं आणि नियंत्रकाने “६०० मीटर, क्यूएफई” सांगितलं असतं. ६०० मीटर म्हणजे १९६९ फूट, तेही धावपट्टीच्या वर. क्यूएनएचवर उडणाऱ्याने त्यात १९४२ मिळवून ३९११ फूट हा आकडा धरायला हवा. जो नुसते मीटरचे फूट करेल आणि क्यूएनएचवर २००० फूट लावेल तो धावपट्टीच्या अवघ्या ५८ फूट वर येईल. आणि पुण्याभोवती डोंगर आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. रूपांतर गणिताने अचूक होतं, आणि तरीही विमान जमिनीत जातं. वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडलं की थोडा वेळ कोणी बोलत नाही.

दाबाच्या आकड्याचीही तीच गत. एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २८ फूट. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितलं आणि एक एअरबस ए३२० जवळपास २८० फूट खालून अप्रोच करत राहिलं. धावपट्टी अजून दूर असताना जमिनीपासूनची उंची सहा फुटांपर्यंत घसरली होती. पायलटना धावपट्टी दिसत नव्हती, त्यांनी गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं, आणि सगळे वाचले. तिथे मीटरचा संबंध नव्हता, फक्त एक अंक चुकला होता.

गोल करताना वर करायचं की खाली?

नियंत्रकाने दिलेली उंची असेल तर कोष्टकातला आकडा, वर नाही आणि खाली नाही. चार्टवरची किमान सुरक्षित उंची मीटरमध्ये असेल आणि फूट छापलेले नसतील तर नेहमी वर. ९२० मीटर म्हणजे ३०१८ फूट, तर ३१०० लावा. ३००० लावू नका. बहुतेक चार्टवर मीटरशेजारी फूट छापलेले असतातच.

एककाच्या गोंधळाने खरंच अपघात झाला आहे का?

झाला आहे. १५ एप्रिल १९९९, शांघायचं होंगछ्याओ विमानतळ. कोरियन एअरचं एमडी-११ मालवाहू विमान, उड्डाण क्रमांक ६३१६, सोलला निघालं होतं. ही घटना टेकऑफनंतरची आहे, अप्रोचमधली नाही, तरी अप्रोच शिकवताना मी ती सांगतोच.

त्यांना आधी ९०० मीटर आणि मग १५०० मीटरपर्यंत चढायची परवानगी मिळाली. १५०० मीटर म्हणजे ४९०० फूट. विमान ४५०० फुटांवर पोहोचलं, म्हणजे अगदी योग्य चाललं होतं. तेव्हा कॅप्टनने उंची किती राखायची ते विचारलं आणि फर्स्ट ऑफिसरने १५०० फूट सांगितलं. दोनदा. कॅप्टनला वाटलं, आपण तीन हजार फूट वर आलो आहोत. त्यांनी कंट्रोल कॉलम जोरात पुढे ढकलला. विमान तीव्र कोनात खाली आलं आणि सावरता आलं नाही. विमानातले तिघेही गेले आणि जमिनीवरची पाच माणसं गेली.

आकडा दोघांनाही बरोबर आठवत होता. १५०० च. चुकलं ते त्यामागचं एकक. आणि दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: आपण चुकीच्या उंचीवर आहोत असं वाटलं तरी तीन हजार फुटांची दुरुस्ती कोणी झटक्यात करत नाही. आधी नियंत्रकाला विचारायचं: “कन्फर्म, मीटर्स ऑर फीट?” हा प्रश्न विचारायला लाज वाटता कामा नये. ज्याला लाज वाटते त्याला मी वर्गात दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावतो.

चरखी दादरीची टक्कर मीटर-फुटांमुळे झाली, असं ऐकलंय. खरं आहे?

पूर्ण खरं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन आयएल-७६ यांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. सौदीचं विमान दिल्लीहून चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. कझाक विमान दिल्लीला उतरत होतं, त्याला १५,०००. ते १५,००० च्या खाली आलं.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कारण धरलं ते हेच, की कझाक विमानाने नेमून दिलेली पातळी सोडली. त्या चमूला इंग्रजी नीट उमगत नव्हतं, आणि रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, त्याच्यासमोर स्वतःचा अल्टिमीटर नव्हता. ते पायलट मीटरच्या देशातून फुटांच्या देशात आले होते हे खरं, आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. पण सगळा दोष मीटरवर टाकला की बाकीच्या गोष्टी झाकल्या जातात. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच मार्ग होता, आणि दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. त्या अपघातानंतर मार्ग वेगळे झाले, नवं रडार आलं आणि भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांना सक्तीची झाली.

तीन अंशांच्या उतरणीचा हिशेब मीटरमध्ये कसा करायचा?

फुटांतला नियम सगळ्यांना येतो: उरलेले नॉटिकल मैल गुणिले तीन, म्हणजे शेकड्यांत उंची. दहा मैलांवर तीन हजार फूट. काटेकोर पाहिलं तर मैलाला ३१८ फूट.

मीटरमध्ये हे याहून सोपं आहे. ३१८ फूट म्हणजे ९७ मीटर, तेव्हा मैलाला जवळपास शंभर मीटर धरा. नियंत्रकाने ९०० मीटरवर ठेवलं आहे आणि तुम्ही नऊ-साडेनऊ मैलांवर आहात, तर ग्लाइडपाथ (धावपट्टीकडे नेणारी उतरती वाट) आता हाताशी आहे. सहा मैलांवर असून अजून ९०० मीटरवरच असाल तर फार वर आहात. अंतर किलोमीटरमध्ये मिळालं तर किलोमीटरला ५२ मीटर. खिडकीत फूट लावून झाल्यावरही हा मीटरचा हिशेब मनात चालू ठेवावा असं मला वाटतं. लावलेला आकडा साफ चुकला असेल तर इथे लगेच खटकतं.

वाऱ्याचं काय?

चीनमध्ये वारा मीटर प्रतिसेकंदात सांगतात. दुप्पट केले की नॉट. “विंड टेन मीटर्स पर सेकंद” म्हणजे जवळपास वीस नॉट. विमानाची क्रॉसविंडची (आडव्या वाऱ्याची) मर्यादा नॉटमध्ये लिहिलेली असते, म्हणून दहा ऐकून निवांत होऊ नका. दृश्यमानता मीटरमध्येच असते, तिला हात लावायचा नाही.

कडाक्याच्या थंडीत मीटरच्या उंचीत आणखी काही मिळवावं लागतं का?

हो. थंड हवा दाट असते, त्यामुळे अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असतं. ठोकताळा असा की तापमान त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा कमी असेल तर दर दहा अंशांमागे विमानतळापासूनच्या उंचीत चार टक्के मिळवायचे. समुद्रसपाटीच्या विमानतळावर उणे २० अंश असतील आणि चार्टवरची उंची जमिनीपासून २००० फूट असेल तर सुमारे २८० फूट जास्त धरावे लागतात. हार्बिनसारख्या ठिकाणी जानेवारीत हे नेहमीचं आहे. क्रम चुकवू नका: आधी मीटरचे फूट, मग थंडीची दुरुस्ती, मग शंभरात वर गोल. आणि नियंत्रकाने रडारवरून दिलेल्या उंचीला ही दुरुस्ती आपल्या मनाने लावायची नाही.

शेवटच्या टप्प्यात, धावपट्टी समोर असताना काय?

तिथे मीटर मागे पडतात. किमान उंची फुटांत लावलेली असते, आणि रेडिओ अल्टिमीटरचा आवाजही फुटांतच मोजतो: वन थाउजंड, फाइव्ह हंड्रेड, मग फिफ्टी, फोर्टी, थर्टी. म्हणून शेवटची मीटरमधली उंची सोडून ग्लाइडपाथवर आलो की कार्ड बाजूला ठेवायचं. फक्त गो-अराउंड करावा लागला तर कुठवर चढायचं ती उंची आधीच फुटांत काढून ब्रीफिंगमध्ये बोलून ठेवायची. जमिनीजवळून पुन्हा चढताना तक्ता शोधायला वेळ नसतो, आणि होंगछ्याओचा अपघात चढतानाच झाला होता.

भारतीय पायलटना याची गरज किती?

चीनशी थेट विमानसेवा २०२० मध्ये थांबली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझौने ती पुन्हा सुरू झाली. शिवाय आखाती आणि आग्नेय आशियाई कंपन्यांत आपली कितीतरी मराठी मुलं उडतात, त्यांच्या वेळापत्रकात चीन येतोच. गरज नाही असं समजून कोणी हा धडा गाळू नये.

घरी सराव कसा करावा?

दोघांनी मिळून करा, एकट्याने नको. एकाने नियंत्रक व्हायचं, दुसऱ्याने पायलट. नियंत्रकाने ६०० ते ३६०० मधली, तक्त्यातली कुठलीही पायरी बोलायची. पायलटने एककासकट परत म्हणायचं, तीनशेच्या रीतीने मनात फूट काढायचे, तक्त्यावर बोट ठेवून पडताळायचे आणि फूट हा शब्द जोडून मोठ्याने सांगायचे. दहा बरोबर आले की नियंत्रकाने मध्येच एखादी उंची एकक न सांगता द्यायची, नुसतं “डिसेंड टू फिफ्टीन हंड्रेड.” पायलटने तिथे हात थांबवून “मीटर्स ऑर फीट?” विचारलं पाहिजे. त्याने सरळ ४९०० म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून.